फरीदाबाद : स्वयंसेवेचा एक विसरलेला धडा

फरीदाबादला बदली होऊन आलेल्या नव्या अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. इथल्या जुन्या वस्तीला नावे नाहीत, आकडे आहेत. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, पाच नंबर. रिक्षावाल्यापासून केंद्रीय कार्यालयातल्या शिपायापर्यंत सगळे याच आकड्यांनी पत्ता सांगतात. हे आकडे एखाद्या नगररचनाकाराच्या लहरीतून आलेले नाहीत. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून उखडून आलेल्या माणसांसाठी जी वसाहत १९४९ पासून येथे उभी राहू लागली, तिचे हे विभाग आहेत. दिल्लीच्या दक्षिणेला, मथुरा रस्त्यालगत, कारखान्यांचे शहर म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या या गावाचा पाया निर्वासितांनी आणि त्यांच्यासोबत राबणाऱ्या तरुण स्वयंसेवकांनी घातला.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. स्वयंसेवेमुळे तरुणांचा विकास होतो, हे वाक्य आपण शाळेच्या स्नेहसंमेलनापासून मंत्रालयाच्या परिपत्रकापर्यंत सर्वत्र ऐकतो. त्याला कोणी विरोध करीत नाही, आणि ज्या विधानाला कोणीच विरोध करीत नाही त्याची तपासणीही सहसा होत नाही. सेवेतल्या नेमक्या कोणत्या गोष्टीने तरुण घडतो? सेवेच्या भावनेने, घाम गाळण्याने, की आणखी कशाने? प्रशासनाच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण लक्षावधी विद्यार्थ्यांसाठी योजना आखताना उत्तर चुकले तर पैसा आणि त्यांची उमेदीची वर्षे दोन्ही वाया जातात. फरीदाबादच्या कहाणीत या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे असे मला वाटते.

छावणीतले विद्यार्थी

१९४७ च्या उत्तरार्धात दिल्लीत निर्वासितांचे लोंढे येऊ लागले तेव्हा शासनयंत्रणा अक्षरशः अपुरी पडली. दिल्लीच्या उत्तरेला कुरुक्षेत्राची छावणी एक लाख माणसांच्या हिशेबाने आखली होती. वर्षअखेर तिथे सुमारे तीन लाख माणसे होती. खुद्द दिल्लीत किंग्जवे येथे लष्करी बराकींमध्ये छावणी उघडली गेली. अशा वेळी दिल्ली विद्यापीठातले विद्यार्थी मदतीला धावले. त्यांच्यात लक्ष्मीचंद जैन नावाचा विशीतला एक विद्यार्थी होता. १९४२ च्या आंदोलनात भाग घेतलेला हा मुलगा किंग्जवेतील हडसन लाइन्स छावणीचा कारभार पाहू लागला.

छावणीचा कारभार म्हणजे काय, हे पुनर्वसनाचे काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला विचारावे. सकाळी शिधा किती आला आणि किती माणसांना पुरवायचा, कोणत्या कुटुंबाला कोणती खोली, पाण्याचा नळ किती वेळ चालणार, पटकी पसरली तर आजाऱ्याला कुठे हलवायचे, रात्री भांडण झाले तर कोणाचे ऐकायचे. यात कणव लागते. पण केवळ कणव असून भागत नाही. शिधा एका बाजूला जास्त गेला की दुसऱ्या बाजूचे मूल उपाशी राहते. विशीतल्या मुलाने घेतलेला निर्णय चुकला तर त्याचे परिणाम त्याच संध्याकाळी त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहतात. हे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही.

या तरुणांना दिशा देणारी व्यक्ती होती कमलादेवी चट्टोपाध्याय. मंगळूरला जन्मलेल्या कमलादेवी स्वतः स्वयंसेवेच्या शाळेतच तयार झाल्या होत्या. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ साली काकिनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना केली. हुबळीत राहून काम करणारे हे हर्डीकर मराठी वाचकांना परके नाहीत. या दलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी कमलादेवींनी सांभाळली होती. फाळणीनंतर त्यांनी इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन ही संस्था उभारली. तिचे सूत्र साधे होते : निर्वासिताला याचक मानू नका, त्याला सहकारी संस्थेचा सभासद करा. मेहरौलीजवळच्या छतरपूर परिसरात निर्वासित शेतकऱ्यांच्या सहकारी शेतीपासून या कामाची सुरुवात झाली. जैन यांच्यासारखे तरुण तिथे गेले आणि छावणीतले अन्नवाटप मागे टाकून उत्पादनाच्या प्रश्नाला भिडले. बैलजोडी कोणाची, बियाण्याचे कर्ज कोणाच्या नावावर, पीक कसे वाटायचे, हे ते शेतकऱ्यांबरोबर बसून ठरवू लागले.

सरहद्दीची माणसे

फरीदाबादला जी माणसे आली ती बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट अशा जिल्ह्यांतली हिंदू आणि शीख कुटुंबे होती. त्यांच्यापैकी अनेकांचा संबंध खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगार चळवळीशी होता. १९२९ साली सुरू झालेल्या या चळवळीत दाखल होणारा प्रत्येकजण अहिंसेची शपथ घेई आणि त्याच शपथेत रोज निदान दोन तास समाजकार्याला देण्याचे वचन देई. बादशहा खानांनी पठाण तरुणांना बंदुकीऐवजी झाडू आणि फावडे हाती दिले. त्या तरुणांना त्यातून शिस्त आणि आत्मसन्मान कसा लाभला, हा विसाव्या शतकातल्या स्वयंसेवेच्या इतिहासातला एक विलक्षण अध्याय आहे.

या माणसांना राजस्थानच्या बाजूला पांगवण्याचा विचार सरकारी पातळीवर चालला होता. त्यांनी तो मानला नाही. आम्हाला एकत्र आणि दिल्लीच्या जवळ वसवा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी दिल्लीत शांततेने धरणे धरून पुढे रेटला. याचना करायला आलेली माणसे धरणे धरतात तेव्हा प्रशासन सहसा चिडते. येथे मात्र पंतप्रधान नेहरूंनी त्यांचे ऐकले. फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले, डॉ. राजेंद्रप्रसाद त्याचे अध्यक्ष झाले, आणि गांधीजींच्या विश्वासातले सुधीर घोष यांच्याकडे प्रत्यक्ष प्रशासनाची सूत्रे आली. मंडळाच्या बैठकांना नेहरू स्वतः वारंवार हजर राहत. एका नव्या वसाहतीच्या मंडळाला देशाच्या पंतप्रधानाने एवढा वेळ द्यावा, याचे आज नवल वाटते.

खरी कसोटी बांधकामाच्या वेळी आली. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे घरे सार्वजनिक बांधकाम खात्याने ठेकेदारांमार्फत बांधायची होती. निर्वासितांचे आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की घरे आम्हीच बांधू, मजुरी आम्हाला मिळू द्या. खात्याचा आक्षेप उघड होता : ही दुकानदार, कारकून, शेतकरी माणसे, यांना विटांचे काम कुठे येते? या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. पण ज्याला वीट रचता येत नाही तो वीट रचायला शिकू शकतो, एवढी साधी शक्यता त्यात गृहीत धरलेली नव्हती. पुन्हा आग्रह, पुन्हा धरणे, पंतप्रधानांच्या दारात पुन्हा गाऱ्हाणे. अखेर घरांचा एक मोठा वाटा निर्वासितांच्या सहकारी संस्थांकडे सोपवण्यात आला. फुकट शिध्याच्या जागी कामाचा मोबदला आला.

सहकारी मजूर संस्था हे शब्द कागदावर फार सौम्य दिसतात. प्रत्यक्षात त्यात हजेरीपट येतो, मोजमाप पुस्तक येते, दर येतात, मजुरीचे वाटप येते आणि त्यावरून होणारी भांडणेही येतात. हे सारे करायला लिहिता-वाचता येणारे, उन्हात उभे राहायला तयार असलेले, लोकांचा विश्वास असलेले तरुण हवे असतात. बाहेरून आलेले स्वयंसेवक आणि वसाहतीतले तरुण यांच्यातले अंतर अशा कामात टिकत नाही. सेवा करणारा कोण आणि सेवा घेणारा कोण, ही रेषाच पुसली जाते.

शिक्षणाची बाजू पाहण्यासाठी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून आशादेवी आर्यनायकम् आणि नई तालीमचे कार्यकर्ते आले. हा महाराष्ट्राचा फरीदाबादशी असलेला थेट दुवा आपण विसरून गेलो आहोत. हाताने काम करता करता शिकायचे, हे सेवाग्रामात रुजलेले तत्त्व येथे छावणीतल्या मुलांसाठी वापरले गेले. आरोग्य, स्वच्छता, सूतकताई, वर्ग, हे सर्व एका सूत्रात आले. दुसरीकडे, युद्धभरपाईत भारताला मिळालेला एक जर्मन डिझेल वीजसंच कलकत्त्यात पडून होता, तो मिळवून फरीदाबादला आणला गेला आणि त्याच्या विजेवर इथल्या उद्योगांची सुरुवात झाली. ५ जून १९५१ रोजी नेहरूंच्या हस्ते येथील रुग्णालयाचे उद्घाटन झाले आणि त्याला बादशहा खानांचे नाव दिले गेले. हे रुग्णालय सरहद्दीच्या लोकांनी श्रमदानाने उभारले, असे जुने लोक आजही अभिमानाने सांगतात. २०२० साली त्याचे नाव बदलले. पण गावकरी अजून बीके हॉस्पिटलच म्हणतात, आणि तिथला चौकही बीके चौकच राहिला आहे.

प्रयोग संपला, माणसे उरली

हा प्रयोग फार काळ टिकला नाही. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीसच वसाहतीचा कारभार नेहमीच्या खात्यांच्या चाकोरीत गेला, आणि सहकारी संस्थांचे बळ ओसरले. लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे १९९८ साली फरीदाबादवर एक पुस्तक लिहिले. आशेचे शहर, असे त्यांनी त्याच्या नावातच फरीदाबादला म्हटले. त्यात अभिमान आहे तसा विषादही आहे.

परंतु हिशेब मांडताना आपण एक रक्कम विसरतो. घरे, वीजघर, रुग्णालय ही या कामाची दिसणारी निष्पत्ती. न दिसणारी निष्पत्ती म्हणजे त्या कामातून तयार झालेली माणसे. जैन यांनी पुढे कमलादेवींसोबत हस्तकला आणि हातमागाच्या क्षेत्रात देशव्यापी काम केले, १९८९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच सुमारास ते योजना आयोगाचे सदस्य झाले, नंतर दक्षिण आफ्रिकेत भारताचे उच्चायुक्त झाले. २०१० साली त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ते एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले : लोकांच्या हाती निर्णय आणि पैसा द्या, ते तुम्हाला वाटते त्याहून चांगले सांभाळतात. विकेंद्रीकरणावरील ही श्रद्धा त्यांना पुस्तकातून लाभलेली नव्हती. ती शिध्याच्या रांगेत आणि विटांच्या ढिगाऱ्यापाशी तयार झाली होती.

पुण्या-मुंबईची परंपरा

हाच क्रम आपल्याकडे याआधीही घडलेला दिसतो. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्यात येणाऱ्या तरुणाला लगेच व्यासपीठ मिळत नसे. पाच वर्षे उमेदवारी करावी लागे, अभ्यास करावा लागे, देश हिंडावा लागे. देशसेवा ही हौस नसून शिकण्याचा विषय आहे, ही गोखल्यांची दृष्टी होती. या समाजाचे सदस्य ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावात वाचनालये, रात्रीच्या शाळा, दवाखाने चालवताना जोशींना कामगाराचे जीवन आतून कळले. आठ वर्षांनी, १९१९ साली, आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांच्या वतीने तेच उभे राहिले, आणि १९२० साली स्थापन झालेल्या आयटकच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. चाळीतल्या रात्रशाळेपासून आंतरराष्ट्रीय परिषदेपर्यंतचा हा प्रवास आणि हडसन लाइन्सपासून योजना आयोगापर्यंतचा प्रवास यांत मला एकच सूत्र दिसते. दोघांनाही तरुण वयात खऱ्या माणसांच्या खऱ्या अडचणीसाठी उत्तरदायी व्हावे लागले.

१९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने, आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून बाबा आमटे यांनी सोमनाथला भरवलेल्या श्रमसंस्कार छावण्यांनी हीच परंपरा पुढे नेली. सोमनाथला जाऊन आलेली माणसे मला सरकारी नोकरीत, बँकांत, शाळांत, अगदी दिल्लीतही भेटली आहेत. तिथे काय केले असे विचारले, तर बहुतेकजण नाल्याच्या किंवा बांधाच्या कामाचे वर्णन करतात. भाषणे कोणाला आठवत नाहीत.

शासनाचा प्रवेश

स्वातंत्र्यानंतर शासनाने हे काम आपल्या हाती घेण्याचे ठरवले. योगायोग असा की या प्रत्येक टप्प्यावर जुन्या स्वयंसेवी परंपरेतली किंवा अर्थशास्त्रातली माणसे दिसतात. राष्ट्रीय छात्रसेनेचा आराखडा करणाऱ्या १९४६ च्या समितीचे अध्यक्ष होते पंडित हृदयनाथ कुंझरू. ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते आणि पुढे दीर्घकाळ अध्यक्षही राहिले. त्यांच्या अहवालावरून १९४८ साली छात्रसेनेचा कायदा झाला.

१९५८ साली नेहरूंनी, पदवीपूर्वी विद्यार्थ्याने समाजसेवा केलेली असावी, अशी कल्पना मुख्यमंत्र्यांपुढे मांडली. पुढच्या वर्षी डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी त्यांच्या समितीची शिफारस होती. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी पाहून ती स्वीकारली गेली नाही. एक अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा निर्णय समजतो. एका संपूर्ण पिढीचे एक वर्ष ही लहान किंमत नव्हे, आणि त्या वर्षात त्यांना देण्याजोगे अर्थपूर्ण काम शोधणे हे त्याहून कठीण.

सक्तीचा अनुभव लवकरच आलाही. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी छात्रसेना सक्तीची झाली. १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. दरम्यान कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा पुरस्कार केला होता. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. सदतीस विद्यापीठे आणि चाळीस हजार विद्यार्थी, अशी सुरुवात होती. डॉ. राव म्हणजे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संस्थापक. ती संस्था त्यांनी १९४९ साली उभारली. तिथून काही मैलांवर फरीदाबाद आकार घेऊ लागले तेही त्याच वर्षी.

आज या योजनेत लक्षावधी विद्यार्थी आहेत. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि एका सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी रचना आहे. रचना वाईट नाही. पण तिचे माप तासांत आहे. प्रशासनात आपण ज्याचे माप घेतो तेच शेवटी निर्माण होते. तास मोजले की तास मिळतात.

लाभ नेमका कशाचा?

स्वयंसेवेचे लाभ सांगणारे बहुतेक अभ्यास स्वयंसेवक आणि इतर तरुण यांची तुलना करतात. स्वयंसेवक अधिक आत्मविश्वासू, अधिक समाधानी, नागरिक म्हणून अधिक जागरूक आढळतात. पण येथे एक जुनी अडचण आहे. जो मुलगा स्वतःहून सेवेला पुढे येतो तो मुळातच वेगळा नसेल कशावरून? त्यामुळे काही थोडे अभ्यास महत्त्वाचे ठरतात, ज्यांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून काहींना लगेच काम दिले आणि काहींना थांबवून ठेवले. कॅनडातील व्हँकुव्हर येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात शंभराच्या आसपास शाळकरी मुले होती. आठवड्यातून एकदा लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या गटात दोन-अडीच महिन्यांनी कोलेस्टेरॉल, वजन आणि शरीरातील दाह यांची मापे दुसऱ्या गटापेक्षा चांगली आढळली. नमुना लहान आहे, त्यावर मनोरे रचू नयेत. पण ती मुले पोस्टर लावत नव्हती. त्यांची वाट पाहणारे एक लहान मूल समोर होते, हे मला लक्षणीय वाटते.

याच कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १९९९ पासून शालान्त प्रमाणपत्रासाठी चाळीस तासांची सेवा आवश्यक केली आहे. आपले १२० तास त्यापुढे भरघोस दिसतात. प्रश्न तासांचा नाही, हेच यातून पुन्हा ध्यानात येते.

दुसरी बाब गरीब विद्यार्थ्याची. सकाळी पेपर टाकणारा, संध्याकाळी दुकानात बसणारा मुलगा शिबिराला येऊ शकत नाही. मग सेवेतून होणारा विकास हाही सुस्थितीतल्या घरांचा विशेषाधिकार होऊन बसतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार पूर्वी ओळखले होते. कमवा आणि शिका या त्यांच्या पद्धतीत श्रम, शिक्षण आणि स्वाभिमान एकत्र आले. फरीदाबादमध्येही राबणाऱ्याला मजुरी मिळत होती, म्हणून त्याच्या कामाचे मोल कमी झाले नाही. मोबदला आला की सेवा भ्रष्ट होते, हा समज आपण सोडला पाहिजे.

दोन गट

काही वर्षांपूर्वी यमुनेकाठच्या एका गावात एका महाविद्यालयाच्या शिबिराच्या समारोपाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. विद्यार्थ्यांचे दोन गट होते. एकाने शाळेच्या भिंतीवर घोषवाक्ये रंगवली होती आणि रोपे लावली होती. त्यांच्या प्रतिनिधीने खूप शिकायला मिळाले असे सांगितले, टाळ्या झाल्या. दुसऱ्या गटाला प्राध्यापकांनी वेगळे काम दिले होते : गावातल्या कोणकोणत्या वृद्धांचे निवृत्तिवेतन थांबले आहे आणि का, हे घरोघरी जाऊन शोधा. त्या गटातली एक मुलगी उठली. तिने भाषण केले नाही. हातातली वही उघडून ती मला म्हणाली, सर, एका आजींचे जन्मवर्ष दोन कागदांवर वेगवेगळे आहे म्हणून पैसे थांबले आहेत. आम्ही दोनदा कार्यालयात गेलो. दुरुस्ती कोणी करायची, हे तिथे दोघांनी दोन प्रकारे सांगितले. तर खरे काय?

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, निकड होती. कारण त्या आजी रोज संध्याकाळी तिला विचारत होत्या, काय झाले बेटी? तिथे बसलेल्या आम्हा अधिकाऱ्यांना पुढचा अर्धा तास त्या वहीत घालवावा लागला. रोपे लावणारी मुले आळशी होती असे मी म्हणणार नाही. त्यांना जे दिले ते त्यांनी केले. फरक एवढाच की रोप जगले नाही तर त्यांना कोणी विचारणार नव्हते. या मुलीला विचारणारे कोणीतरी होते.

काय करता येईल

या इतिहासावरून मला पुढील गोष्टी सुचतात.

एक, काम गरजेतून यावे. ग्रामपंचायत, प्रभाग कार्यालय, आरोग्य केंद्र यांनी आपल्या खऱ्या अडचणी लेखी द्याव्यात आणि विद्यार्थ्यांनी त्यांतून निवड करावी. आधीच झाडलेले अंगण पुन्हा झाडून घेऊ नये.

दोन, विद्यार्थ्यांनी जे शोधले त्याला उत्तर देण्याचे बंधन कार्यालयावर असावे, ठरावीक मुदतीत आणि लेखी. उत्तर न देणारे प्रशासन तरुणाला एकच धडा शिकवते, की धडपड व्यर्थ आहे. तो धडाही आयुष्यभर टिकतो.

तीन, थोडा का होईना पैसा विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा आणि त्याचा हिशेब गावासमोर वाचायला लावावा. हिशेब देण्याइतके नागरिकशास्त्र दुसऱ्या कशात नाही.

चार, दोन वर्षे त्याच वस्तीत जावे. ओळख झाल्यावाचून उत्तरदायित्व येत नाही.

पाच, नोकरी करून शिकणाऱ्यांना मानधन द्यावे, किंवा निदान त्यांचे वेळापत्रक सांभाळावे.

सहा, अहवालात तासांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा : कोणाची कोणती अडचण सुटली, आणि कोणती का सुटली नाही.

यातल्या काही गोष्टी चांगले प्राध्यापक आजही आपल्या हिमतीवर करतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये समाजाशी जोडलेल्या शिक्षणाचा उल्लेख आहे, २०२३ साली 'माय भारत' हे युवकांसाठीचे व्यासपीठही सुरू झाले आहे. नोंदणीचे आकडे वाढतीलच. त्यांच्यापुढे कोणते काम ठेवायचे, हा निर्णय मात्र आकड्यांनी होणार नाही. तो गटविकास अधिकाऱ्याला, मुख्याधिकाऱ्याला, वैद्यकीय अधिकाऱ्याला घ्यावा लागेल, आणि त्यासाठी आपल्या अधिकारातला थोडा भाग विशीतल्या अननुभवी मुलांच्या हाती देण्याचा धोका पत्करावा लागेल.

१९४९ साली तो धोका पत्करला गेला. ज्यांना वीट रचता येत नाही त्यांच्या हाती वीट दिली गेली, ज्यांनी कधी छावणी चालवली नव्हती त्यांच्या हाती छावणी दिली गेली. काही भिंती वाकड्याही झाल्या असतील. पण पाच नंबरच्या जुन्या गल्ल्यांतून फिरताना कुठे कुठे अजून दिसणारी ती बैठी घरे हेच सांगतात, की तरुणांवर विश्वास टाकणे हे शासनाचे औदार्य नसते. ती एक गुंतवणूक असते, आणि तिचा परतावा मिळायला कधी कधी चाळीस वर्षे लागतात. आपल्या अर्थसंकल्पाचे वर्ष मार्चमध्ये संपते, एवढीच त्यातली अडचण.